काट्यावरचे किलो आणि मांडीतलं बळ

सदुसष्टाव्या वर्षी मी आठ महिन्यांत दहा किलो वजन उतरवलं आणि त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षं त्याची दुरुस्ती करण्यात गेली. साठी-पासष्टी ओलांडलेलं कुणी वजन कमी करायच्या विचारात असेल, तर हे सगळं त्याच्यापर्यंत पोचावं असं खूप दिवस मनात होतं. मला ते कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. जिना उतरताना उजवा गुडघा दुखायचा. रक्तातली साखर बरीच वर्षं सीमेवर होती, ती सीमा ओलांडून गेली आणि मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली. वजन ६८ किलो. डॉक्टर म्हणाले, “काकू, चार-पाच किलो कमी झालं तरी गुडघ्यांवरचा भार हलका होईल.” सल्ला चुकीचा नव्हता. गुडघ्याला पुढे खरोखरच आराम पडला. पण ते चार-पाच किलो कसे कमी करायचे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी माझ्या तरुणपणीच्या वाटेने गेले. तिशीत, बाळंतपणानंतर वाढलेलं वजन रात्रीचं जेवण सोडून उतरवलं होतं. तेच पुन्हा केलं. रात्री जेवणाऐवजी वाटीभर सूप. दूध बंद, कारण त्यात स्निग्धांश. अंडी बंद, कारण ती जड. सकाळी फळं, दुपारी भरपूर कच्च्या भाज्या आणि थोडंसं धान्य. शिवाय रोज तासभर चालणं. गोळीमुळे भूक आधीच मंदावली होती, त्यामुळे कमी खाणं जड गेलं नाही. भूक लागत नाही याचं मला बरंच वाटायचं.

पाच किलो उतरल्यावर थांबायला हवं होतं. पण आकडा खाली जात असताना थांबावंसं वाटत नाही, आणि भोवतालचं कौतुक तर अजिबात थांबू देत नाही. “वा, किती बारीक झालात! दहा वर्षांनी तरुण दिसताय.” भेटेल तो हेच म्हणायचा. आठव्या महिन्यात काटा ५८ वर आला तेव्हा मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं होतं.

त्याच सुमारास काही बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या होत्या, त्यांचा वजनाशी संबंध असेल असं मनातही आलं नाही. बरण्यांची झाकणं उघडेनात. चौकातला सिग्नल माझ्यासाठी अपुरा पडायला लागला. अर्ध्या रस्त्यात असतानाच तो बदलायचा. (नंतर वाचलं की बऱ्याच देशांत पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. माझा तेव्हा त्याहून बराच कमी होता.) खोल सोफ्यावरून उठताना मी नकळत दोन्ही हात टेकवायला लागले होते. वय झालं, दुसरं काय, असं मनाशी म्हणून सोडून दिलं.

मग ताप आला. साधाच, पण आठ दिवस अंथरुणात गेले. तोंडाला चव नव्हती, पातळ पेय आणि फळांच्या रसावर दिवस काढले. उठले तेव्हा काटा ५४.५ दाखवत होता आणि पाय माझे वाटत नव्हते. मुलगी राहायला आली होती. तिने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, “आई, तू कमोडवरून उठताना भिंतीला धरतेस. कधीपासून?” मी म्हटलं, “तापाचा अशक्तपणा आहे, जाईल.” ती म्हणाली, “तापाच्या आधी सोफ्यावरून कशी उठायचीस, तेही मी बघितलंय.”

तिच्याच आग्रहाने मी वार्धक्याच्या आजारांच्या तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझी दिशा तिथे बदलली.

त्यांनी आधी उंची मोजली. मी सांगितलेली १५९ सेंटिमीटर होती, भिंतीवरच्या पट्टीवर भरली १५५.५. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या दबतात, मणकेही खचू शकतात, आणि माणूस दर दशकाला साधारण सेंटिमीटरभर बुटका होत जातो. मी बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचं, गणित इतकी वर्षं तरुणपणीच्या उंचीवर करत आले होते. मग त्यांनी मला हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला आणि बसायला सांगितलं. घड्याळ लावलं. चौथ्या वेळी मला झोका घेऊन उठावं लागलं. १७ सेकंद. हाताची पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं, ते १५ किलोवर थांबलं. पोटरीचा घेर फितीने मोजला, ३०.५ सेंटिमीटर.

त्यांनी तीनही आकडे कागदावर लिहिले आणि शेजारी दुसरे आकडे लिहिले. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेले निकष असे: पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागणं, स्त्रियांची पकड १८ किलोपेक्षा आणि पुरुषांची २८ किलोपेक्षा कमी असणं, पोटरीचा घेर स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी असणं, या धोक्याच्या खुणा. माझे तिन्ही आकडे रेषेच्या चुकीच्या बाजूला होते.

“याला सार्कोपेनिया म्हणतात,” त्या म्हणाल्या. “वयोमानाने स्नायू झिजणं. तुमच्या आहाराने आणि तापाने ती झीज घाईने झाली.” हा शब्द १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक भाषेतून घडवला, सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. म्हणजे मी शिकत होते त्या काळात हा शब्दच अस्तित्वात नव्हता. आजीला, आईला जे झालं त्याला आम्ही फक्त ‘थकली’ म्हणायचो.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. “काकू, उपास काढून वजन उतरवलं की जाणाऱ्या प्रत्येक चार किलोंत साधारण एक किलो चरबीचा नसतो, त्यात मुख्यतः स्नायू असतात. तिशीत तो स्नायू परत येतो. सत्तरीत तो आपोआप परत येत नाही. परत येते ती चरबी.” मी मनात हिशेब केला. दहा किलोंतले अडीच. वर तापाचे साडेतीन, त्यातले कितीतरी स्नायूच असणार. आठ दिवस पडून राहण्याने एवढं होतं का, असं मी विचारलं. त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला: साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर एकट्या पायांतलाच जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ती माणसं आजारी नव्हती, जेवतही होती.

रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाचं काम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व. ब-१२ बरंच कमी निघालं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते कमी होतं, आणि मी तर दूध-अंडीही सोडली होती. वजन उतरल्यावर साखर सुधारली होती, म्हणून त्यांनी गोळीची मात्रा कमी केली आणि ब-१२ सुरू केलं. ती मात्रा त्यांनी तपासण्या बघून बदलली. माझं वाचून कुणी आपली गोळी बदलू नये. मूत्रपिंडं नीट होती, ते महत्त्वाचं ठरलं, कारण पुढचा सल्ला प्रथिनं वाढवण्याचा होता. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना तो सल्ला असाच्या असा लागू होत नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. बेरीज दिवसाला ३६ ग्रॅम प्रथिनं. मला किती हवी होती? प्रौढांसाठी सर्वसाधारण शिफारस किलोमागे ०.८ ग्रॅमची असते. पण पासष्टीनंतरच्या निरोगी माणसांसाठी २०१३-१४ पासून तज्ज्ञांचे गट १ ते १.२ ग्रॅम सांगत आले आहेत, आणि आजारातून उठलेल्यांसाठी १.२ ते १.५. माझ्यासाठी त्यांनी ७० ग्रॅम ठरवले. म्हणजे जवळपास दुप्पट.

वय वाढलं की गरज वाढते, हे मला उलटं वाटलं होतं. म्हाताऱ्या माणसाने हलकं, कमी खावं हेच आयुष्यभर ऐकलेलं. त्यांनी समजावलं: तरुण स्नायू थोड्याशा प्रथिनांनीही जागा होतो आणि बांधणीला लागतो. वय झालेल्या स्नायूला तेवढ्याने जाग येत नाही, एका वेळी जास्त लागतं. म्हणून दिवसभराची बेरीज पुरेशी नाही, प्रत्येक जेवणात २० ते २५ ग्रॅम पडायला हवेत. माझ्या सकाळच्या फळांत जेमतेम दोन ग्रॅम होते.

कागदावर हे सोपं दिसतं. पहिले दोन महिने फार जड गेले. पोट लहान झालं होतं, चार घासांत भरायचं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, दोनशे मिलिलिटर दुधात साडेसहा-सात, शिजलेल्या मसुरीच्या शंभर ग्रॅममध्ये नऊ, शंभर ग्रॅम दह्यात साडेतीन, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास. हे आकडे मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चिकटवले आणि रोज बेरीज करत बसायची. सत्तरपर्यंत पोचणं म्हणजे डोंगर वाटायचा.

उपयोगी पडल्या त्या तीन गोष्टी. ताटातलं प्रथिनाचं आधी खायचं, भाज्या आणि धान्य मागून. पोट भरलं तर भरलं. पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळेत प्यायचं (वयाने तहानही कमी लागते, म्हणून ते आठवणीने). आणि दुधात दुधाची पावडर मिसळायची, म्हणजे तेवढ्याच पेल्यात जास्त मिळतं. कडधान्यांनी पोट फुगायचं, ते भिजवण्याचे तास वाढवून आणि मात्रा हळूहळू चढवून तीन-चार आठवड्यांत कमी झालं.

एक गोष्ट मात्र आकड्यांच्या बाहेरची होती. आहारतज्ज्ञ बाईंनी सहज विचारलं, “कवळी नीट बसते का?” बसत नव्हती. वजन उतरल्यावर हिरडीवर ती सैल झाली होती, आणि चावायला लागेल असं सगळं मी न कळत टाळत होते. शेंगदाणे, सुकामेवा, मांस, अख्खी कडधान्यं, सगळं. मला वाटायचं आवड बदलली. दंतवैद्याने कवळी नव्याने बसवून दिली आणि आठवड्याभरात शेंगदाणे परत ताटात आले. माझ्या वयाच्या कुणाचं खाणं कमी झालं की मी आता आधी दातांचं विचारते.

खाण्याने फक्त सामान येतं. बांधकाम करायला स्नायूला काम द्यावं लागतं, आणि माझा रोजचा तासभर चालण्याचा व्यायाम त्याला पुरत नव्हता. हे ऐकून मी दुखावले होते, कारण चालण्याचा मला अभिमान होता. फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगा होता. म्हणाला, “आजी, चालणं हृदयासाठी सोडू नका. पण मांडीला चालणं आता सवयीचं झालंय, त्यात तिला जोर लावावा लागत नाही. जोर लागल्याशिवाय ती वाढणार नाही.” मग त्याने १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीचे वजनी व्यायाम करून घेतले. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. मी तेव्हा अडुसष्टची होते; मला नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीवरून उठबस, तीही खुर्चीवर दोन उशा ठेवून, म्हणजे बैठक उंच. आठ वेळा, थांबा, पुन्हा आठ वेळा. भिंतीला हात टेकून भिंत ढकलणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. रबरी पट्टा दाराच्या कडीत अडकवून स्वतःकडे ओढणं. एवढंच. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा सोडवेना. मी घाबरून फोन केला. तो म्हणाला, दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत आणि दुखणं स्नायूत आहे, सांध्यात नाही, तर ते चांगलं लक्षण आहे. गुडघ्यासाठी त्याने वेगळा नियम दिला: व्यायामानंतर दोन तासांहून जास्त वेळ सांधा नेहमीपेक्षा अधिक दुखला, तर पुढच्या वेळी मात्रा कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही.

दोन आठवड्यांनी एक उशी काढली. पाचव्या आठवड्यात दुसरी. मग अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात. मग पाठीवर पिशवी, तिच्यात आधी दोन पुस्तकं, मग चार. या चढत्या क्रमालाच खरं महत्त्व आहे, असं माझं ठाम मत झालंय. मी कितीतरी जणींना वर्षानुवर्षं तेच हलके हातवारे करताना बघते. सांधे मोकळे राहतात, पण बळ वाढत नाही. बाराव्या वेळेला पुढची उठबस जेमतेम जमेल असं वाटलं पाहिजे. सहज वीस जमायला लागल्या की वजन वाढवायची वेळ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांतही पासष्टीनंतरच्यांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आहेतच, शिवाय तोल सांभाळण्यासह वेगवेगळ्या हालचालींचे किमान तीन दिवस. तोलासाठी मी दात घासताना एका पायावर उभी राहते, दुसरा हात बेसिनवर.

पहिल्या सहा आठवड्यांत काटा हलला नाही. मी निराश झाले. पण उठबस १७ वरून १४ सेकंदांवर आली होती. फिजिओने समजावलं की सुरुवातीला मेंदू आणि नसा असलेलाच स्नायू नीट वापरायला शिकतात, स्नायू भरायला आणखी महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात एक दिवस बरणीचं झाकण उघडलं. मी ते पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं. मुलीला फोन करून सांगितलं. ती फोनवर काही बोललीच नाही थोडा वेळ.

सहाव्या महिन्यात वजन ५८, उठबस ११ सेकंद, पकड १९ किलो. तेच ५८, ज्यावर आठ महिन्यांच्या उपासानंतर मी पोचले होते. आकडा तोच आणि बाई वेगळी. आरशात बघण्यापेक्षा जिना चढताना ते जास्त कळायचं.

इथे सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या वर्षी वजन ६२ वर गेलं आणि त्यातले वरचे चार किलो स्नायूचे नव्हते. कमरेचा घेर सहा सेंटिमीटरने वाढला होता. खाण्याची भीती गेली होती, घरची माणसं ‘खा, अंगाला लागेल’ म्हणून गोडधोड पुढे करत होती, आणि मीही ताकदीच्या नावाखाली खात होते. वयाने शरीराचा खर्च कमी होतो हे मी विसरले. २०२१ मध्ये एकोणतीस देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या मोजमापावरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की अंगकाठीचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर असतो, आणि साठीनंतर दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने उतरत जातो. वर्षाला ते जाणवत नाही, दहा वर्षांत जाणवतं. म्हणून आमच्या वयात प्रथिनं वाढवायची ती बाकीच्यातून जागा काढून. पोटाभोवतीची चरबी साखरेला आणि हृदयाला घातक, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं.

पुन्हा वजन कमी करायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी घातलेली अट अशी: महिन्याला एक किलोपेक्षा जास्त नाही, प्रथिनं एक ग्रॅमही कमी नाहीत, आणि व्यायामाचा एकही दिवस चुकवायचा नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पासष्टीवरच्या स्थूल माणसांचं वजन आहाराने कमी करताना काहींना फक्त चालण्यासारखे व्यायाम दिले, काहींना वजनी, काहींना दोन्ही. चालणाऱ्यांचा ५ टक्के स्नायुभार गेला, वजनी व्यायाम करणाऱ्यांचा २, दोन्ही करणाऱ्यांचा ३; आणि रोजच्या हालचालींच्या क्षमतेत सगळ्यात जास्त सुधारणा दोन्ही करणाऱ्यांत दिसली. मी पहिल्यांदा केलं ते यातल्या पहिल्या गटासारखं, तेही प्रथिनं तोडून. दुसऱ्यांदा चार महिन्यांत तीन किलो उतरले, उठबस जागची हलली नाही.

आता माझं वजन ५८ ते ६० च्या पट्ट्यात राहतं. बीएमआय २४ ते २५. तरुणांच्या तक्त्यात ही वरची कड आहे, म्हणून आधी मला ती खुपायची. २०१४ मध्ये पासष्टी ओलांडलेल्या जवळजवळ दोन लाख माणसांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, त्यात २३ च्या खाली गेल्यावर मृत्यूचा धोका वाढत गेलेला दिसला. त्यात आजारपणाने बारीक झालेली माणसंही असणार, त्यामुळे जाड व्हा असा त्याचा अर्थ मी काढत नाही. पण सत्तरीत पुन्हा विशीतल्या आकड्यामागे धावायचं नाही, एवढं मला त्यातून पटलं.

वजन मी आठवड्यातून एकदाच करते. रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. रोज केलं तर पाण्याच्या चढउताराने किलोभर इकडे-तिकडे होतं आणि मन उगाच हलतं. वहीत चार रकाने आहेत: वजन, महिन्यातून एकदा कमर, महिन्यातून एकदा पोटरी, महिन्यातून एकदा पाच उठबशींचे सेकंद. यातला शेवटचा रकाना मी सगळ्यात आधी बघते. दोन मर्यादा पहिल्या पानावर लाल शाईने लिहिल्या आहेत. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन गेलं, म्हणजे माझ्यासाठी तीन किलो, तर डॉक्टरांकडे जायचं. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पायाला सूज किंवा धाप असेल तर त्याच दिवशी जायचं, कारण ते खाण्याने नसतं, पाणी साठण्याने असतं आणि हृदयाकडे बोट दाखवतं.

यातली पहिली ओळ माझ्या मोठ्या भावामुळे मनावर कोरली गेली. वहिनी गेल्यानंतर तो वर्षभरात सात किलोंनी उतरला. सगळे म्हणायचे, दादा फिट झाला. मी तोवर शहाणी झाले होते. मी त्याला विचारलं, “दादा, तू मुद्दाम कमी केलंस का?” तो म्हणाला, “नाही गं. एकट्यासाठी ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो.” रात्री बिस्किटं खाऊन झोपत होता. तपासण्या झाल्या, शरीरात दुसरा आजार निघाला नाही. निघालं ते नैराश्य. त्यावर उपचार सुरू झाले, आणि दुपारचं जेवण तो शेजारच्या मित्राबरोबर करू लागला. भूक आधी परतली नाही, सोबत आधी आली आणि भूक तिच्या मागून. त्याच्या घरी गेल्यावर मी आता त्याच्या पट्ट्याचं भोक बघते. गेल्या उन्हाळ्यात ते एकाने बाहेर आलं.

कुणी “बारीक झालात” म्हणून कौतुक करतं तेव्हा मी समोरच्या वयस्क माणसाकडे वळून हाच प्रश्न विचारते, मुद्दाम झालात का? बरेचदा उत्तर यायला वेळ लागतो.

मागच्या महिन्यात मला पुन्हा ताप आला. पाच दिवस. पण या वेळी दर दोन-तीन तासांनी उठून खोलीत फेऱ्या मारल्या, जमेल तेवढ्या. जेवण जात नव्हतं म्हणून पावडर मिसळलेलं दूध थोडं थोडं चार वेळा घेतलं, दोन मऊ उकडलेली अंडी. तिसऱ्या दिवशी मुलीच्या देखत पलंगाच्या कडेवरून दहा उठबशा केल्या. ती “आई, पडशील” म्हणत हात पुढे करून उभी होती. ताप उतरल्यानंतरच्या रविवारी वजन ५८.१, आधीच्यापेक्षा ९०० ग्रॅम कमी. उठबस १० वरून १२ सेकंदांवर गेली होती. पाठीवरच्या पिशवीतून दोन पुस्तकं काढली आणि पुन्हा खालच्या पायरीवरून सुरुवात केली. काल, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, ११ सेकंद लागले. एक पुस्तक परत पिशवीत गेलं आहे.